उत्तम सरांची हजेरी

उत्तम सर गेल्याची बातमी शाळेच्या ग्रुपवर आली ती अशी, 'फुकटे सर गेले.' खाली जोडलेल्या हातांची रांग. जवळा बाजारचा आठवडी बाजार होता, मी भाजीची पिशवी धरून उभा होतो. माणूस गेला, नाव मात्र मागं राहिलं. सरळ सांगतो, ते नाव मीच पाडलं होतं.

शाळेत मी क्लार्क, ते गणिताचे मास्तर, सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरचे. योजनेतून आलेले आठ कॉम्प्युटर व्हायरसनं बसले आणि अडगळीत गेले, तेव्हा सरांनी ते पुसून त्यांवर लिनक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. पैसा लागत न्हाई, जुन्या डबड्यावर बी पळतं, असं नव्या सुनेचं कौतुक सांगावं तसं सांगत फिरायचे. एका मशीनचा त्यांनी सर्व्हर केला, म्हणजे सगळे धडे एका जागी. तांड्यावरच्या लेकरांना पुस्तकातलं गणित उमगेना, म्हणून बेरजेपासून भागाकारापर्यंत सगळं घरच्या गोरमाटी बोलीत, स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेलं. सहा वर्षांचं काम होतं ते. माझ्या ऑफिसातही त्यांनी लिनक्सच टाकलं आणि जुन्या फॉन्टमधली माझी सगळी पत्रं किडे-मुंग्या होऊन बसली. "भाऊसाहेब, युनिकोडमध्ये टायपिंग शिका, आठ दिवसांत बोटं बसतील," ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. पन्नाशीच्या माणसाला! मी म्हणालो, "सर, फुकटचं ते फुकटचंच." सगळे हसले, तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते फुकटे सर झाले.

मग त्यांचं लिव्हर बिघडलं. नांदेडला ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी ते ऑफिसात आले आणि टेबलावर एक कोरी डिस्क ठेवली. "माझ्या मशीनची एक कॉपी काढून ठेवा, भाऊसाहेब. दुसरीकडं कुठं न्हाई ते. कुणी पुसलं तर लेकरांचं काहीच राहणार न्हाई." मी व्हय म्हणालो, डिस्क ड्रॉवरमध्ये टाकली, ती कोरीच राहिली. पुढं शाळेला नवे कॉम्प्युटर आले. ते जोडायला हिंगोलीहून आलेल्या माणसानं सरांच्या मशीनवर हात ठेवून विचारलं, "इसमें का कुछ रखना है क्या?" घाई नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. मी न्हाई म्हणालो, त्यानं सगळं पुसून टाकलं. आणि खोटं कशाला बोलू... बरं वाटलं.

सरांना घरी आणल्यावर भेटायला गेलो. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, उशाशी लॅपटॉप.

"मशीन कसं हाय?"

"पळून राहिलं की, सर. लेकरं रोज बसतात."

ते "बराबर" म्हणाले आणि वैनींना चहा टाकायला सांगितलं. सुटलो, असं मला वाटलं. चहा पिऊन निघालो. नवव्या दिवशी ते गेले.

महिन्याभरानं वैनी लॅपटॉप घेऊन दारात. "भाऊ, हा तुमालाच द्या म्हणले व्हते. तुमच्यासाठी युनिकोड बसवून ठेवलंय म्हणे."

"मला काहून?"

"ते म्या न्हाई विचारलं."

उघडला तर पडद्यावर एक फाइल आली, 'हजेरी'. सरांनी अशी सोय केली होती की लॅपटॉप चालू झाला की तो आपोआप नेटवरून शाळेतल्या सर्व्हरला हाक मारणार. उत्तर आलं तर तारखेपुढं 'हजर', न्हाई आलं तर 'गैरहजर'. वर पानंच्या पानं हजर, हजर. मी न्हाई म्हणालो त्या दिवसापासून गैरहजर. लाइट गेली असेल म्हणून त्यांनी चार दिवस वाट बघितली असेल, पण मी भेटायला गेलो तोवर सव्वीस ओळी झाल्या होत्या. त्या सकाळची ओळही होती. म्हणजे मला विचारायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं. तरी चहा पाजला.

हा लेख त्याच लॅपटॉपवर, युनिकोडमध्ये लिहिलाय. बोटं खरंच आठ दिवसांत बसली. लॅपटॉप उघडला की आधी ती फाइल येते आणि खाली एक नवी ओळ पडते. ती बंद कशी करायची मला येत न्हाई, आणि शिकवणारा माणूस उरला न्हाई. आज सकाळीही पडली. आजची तारीख, पुढं गैरहजर.