नाक फुटलेली बाई

नंदुरबारच्या बाजारात एका छापखानेवाल्याने माझं नाव घालवलं. मी त्याला सोडलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, लेबलांची चित्रं काढायचो. एका मिरचीच्या व्यापाऱ्याला पुड्यांवर हातात मिरची धरून हसणारी बाई हवी होती. चित्रावरून काळ्या आणि लाल रंगाचे दोन ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, मुंबईहून करून आणले. लाल फक्त मिरचीला आणि ओठांना. तो नेमका जागेवर बसायला हवा, म्हणून छपाईच्या वेळी यंत्रापाशी थांबतो, असं मी छापखानेवाल्याला सांगितलं. त्याने मला दारातच अडवलं.

"चितर काढनं तुन्हं काम, छापनं मन्हं."

लेबलं आली तेव्हा लाल रंग वर सरकला होता. ओठांचा लाल थेट नाकपुड्यांना टेकलेला.

"ह्या बाईनं नाक फुटी गयं का?" व्यापाऱ्याने विचारलं.

चित्रच तसं होतं, असं छापखानेवाला माझ्या तोंडावर म्हणाला आणि व्यापाऱ्याला ते पटलं. बाजारात लोक मला नाकफोड्या पेंटर म्हणू लागले. पाट्यांची कामं थांबली. मला राग गिळता येत नव्हता, आणि गिळायचाही नव्हता.

व्यापाऱ्याची मनधरणी करून मी ब्लॉक आणि वाया गेलेली लेबलं मागून घेतली आणि शहाद्याच्या छापखान्यात गेलो. तिथल्या मालकाने मला शेजारी उभं केलं. कच्ची प्रत काढायची, पाहायची, लाल ब्लॉक केसभर खाली घ्यायचा. अखेर बाई हसली.

परत येऊन मी चांगलं आणि बिघडलेलं लेबल एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवलं आणि तो कागद लावला छापखान्यासमोरच्या चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर. हॉटेलवाला माझा शाळासोबती. खाली लिहिलं : ‘ब्लॉक तेच, छापखाने दोन : नंदुरबार आणि शहादा.’ मग तिथेच चहा पीत बसायचो. लग्नपत्रिका छापायला आलेली माणसं भिंतीपाशी थांबत, हसत आणि शहाद्याची मोटार धरत. तो चहा मला फार गोड लागे.

लग्नसराई संपायच्या आत छापखानेवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कागद काढ म्हणाला.

"काढाव नही, नाना. पहिले शेठले सांगा, चूक कोन्ही व्हती ते."

भरल्या दुकानात, खाली मान घालून, त्याने व्यापाऱ्याला ते सांगितलं. मी मागेच उभा होतो. त्यानंतर त्या दुकानाची सगळी लेबलं माझ्याच हातची झाली.

कागद मात्र मी काढला नाही. पावसाने तो गळून पडला, तेव्हा नवा चिकटवला. बिघडलेली लेबलं माझ्याकडे गठ्ठाभर होती.