चिठ्ठी पालथी!

फिजिओथेरपीच्या ओपीडीत किस्से साचतातच. पेशंट वीस मिनिटं शेक घेत पडलेला, बोलण्याशिवाय करणार काय? आणि ऐकायला माझी पोरं! नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी त्यांना पेशंट तपासायला शिकवायचे.

माझा नियम एकच. डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवायची. आधी पेशंटला विचारा, हात लावून बघा, आपला अंदाज वहीत लिहा, मगच चिठ्ठी उलटा.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना, हे अजिबात खपायचं नाही. "मॅडम, तुमची पोरं मशीन लावायला आहेत, डोकं लावायला नाहीत!"

मी म्हटलं, "डोक्यासकट ॲडमिशन दिलीय सर. आता ते कुठे ठेवू?"

* * *

प्रशांत पुस्तक पाठ करून यायचा. नाचणगावच्या एका आजोबांना विचारतो, "जिना चढताना दुखतं का?"

"आमच्या घरी जिना नाई, बापू."

पुस्तकात पुढचा प्रश्न जिना उतरतानाचा होता. पठ्ठ्याने तोही विचारला!

आजोबा म्हणाले, "तुह्यासाठी बांधू का आता?"

* * *

मनीषा आर्वीची. पहिल्याच आठवड्यात तिने एका आजीचा उजवा गुडघा पंधरा मिनिटं तपासला, वहीचं पान भरलं. मग आजी हळूच म्हणाली, "बाई, दुखते तं डावा."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू पुसलं कुठी? तू तं दाबूनच राह्यली!"

मनीषा रडायला लागली. म्हटलं, रड खुशाल, पण यापुढे आधी पुसायचं आणि दोन्ही बाजू बघायच्या.

* * *

त्याच मनीषाकडे महिन्याभराने एक शाळामास्तर आले. गुडघा दुखतो म्हणे. हिने सगळं विचारलं, दोन्ही गुडघे तपासले, काही सापडेना. मग मांडी आत वळवली, तर मास्तर ओरडलेच. दुखणं खुब्यात होतं! चिठ्ठी उलटली, तर मोठ्या सरांनी लिहिलेलं, 'गुडघ्याला शेक, दहा दिवस.' मी मास्तरांना सरांकडे परत पाठवलं. एक्स-रेमध्ये खुबाच झिजलेला निघाला.

शाबासकी? नाव नको! मोठ्या सरांनी थेट तक्रार केली. प्रिन्सिपलनी मला बोलावून सांगितलं, "आता एक जरी तक्रार आली, तर तुमचा हा तास बंद."

असा संताप आला म्हणून सांगू! पोरांना म्हटलं, "बंद होईल तेव्हा होईल. आज चिठ्ठी पालथी!"

* * *

पुढच्याच आठवड्यात मोठे सर स्वतःच आले, उजवा खांदा धरून. सोबत प्रिन्सिपल. हातात स्वतःच लिहिलेली, स्वतःच्या सहीची चिठ्ठी.

पाळी मनीषाची होती. तिने चिठ्ठी घेतली आणि न वाचताच पालथी ठेवली.

"अगं पोरी, ती मी लिहिलीय!"

प्रिन्सिपल माझ्याकडे बघायला लागले. मी जागची हलले नाही.

मनीषा म्हणाली, "हो सर. हात वर करून दाखवा, कुठपर्यंत जाते ते."

सरांनी प्रिन्सिपलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कण्हत कण्हत उजवा हात वर केला.

मनीषाने वहीत लिहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "आता दुसराही, सर."