ठराव करून वर बसवलेले आबाजी

गोकुळ पुण्याची नोकरी सोडून निमगाव केतकीला परत आला, तेव्हा त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी, गावात सांगितलं की त्याला काढलं. सोडली म्हटलं असतं तर लोकांनी पोराला वेडा ठरवलं असतं. काढलेल्याची निदान कीव करतात.

वेडा तो होताच. आमच्या कळंबच्या पाणी संस्थेचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं. संस्था नदीतून मोटरींनी पाणी उचलते आणि सभासदांच्या रानाला पाळीनं देते. पाळी मागायला लोक मोटरवाल्या ज्ञानेशला फोन करायचे. जो जास्त शिव्या देईल त्याला आधी पाणी. गोकुळ म्हणाला, हे मोबाईलवर आणू. संचालक म्हणाले, आण. पहिली पाळी नीट गेली तर तुला कायम करू. नाही गेली तर पुण्याची एसटी तुझ्याच गावावरून जाते.

मी त्याची मैत्रीण. संस्थेचं इतिवृत्त मी लिहिते. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले, म्हणजे माझं अक्षर चांगलं असणार, असं संचालकांनी धरलं. ते चांगलं नाही.

गोकुळनं मला त्याचं काम समजावलं होतं. मोबाईलवरून आलेली प्रत्येक मागणी आधी एका दाराशी येते. त्या दाराला गेटवे म्हणतात. तिथले नियम बघून ती पुढं जाते. पाणी हवं असेल तर पाळी लावणाऱ्या प्रोग्रामकडे, तो पाळी ज्ञानेशला कळवतो. मोटर बंद असेल तर ज्ञानेशकडे. सातबाऱ्यावरचं नाव बदललं असेल तर हापिसात. नियम वरून खाली वाचले जातात. पहिला जुळला की विषय संपला, खालचे कुणी बघत नाही. अगदी तळाला एक नियम होता: काहीही आलं तरी अध्यक्षांच्या मोबाईलवर पाठवा. अध्यक्ष आबाजींनी तो पहिल्याच दिवशी गोकुळकडून घालून घेतला होता. संस्थेत मांजर व्याली तरी त्यांना कळायला हवं असायचं.

"म्हणजे कशातच न बसणारं आबाजींकडे," मी म्हणाले.

"व्हय. घराला उकिरडा लागतोच."

मंजुरीच्या सभेसाठी बारामतीहून प्रोजेक्टर भाड्यानं आणला. नियमांची फाईल भिंतीवर दिसली. संचालकांनी ती लग्नपत्रिकेसारखी वाचली. कुणाचं नाव कुणाच्या वर, एवढंच. उपाध्यक्ष कुंडलिकराव या बाबतीत जाणकार. पत्रिकेत चुलतभावाचं नाव वर छापलं म्हणून एका लग्नातून ते अक्षता न टाकता परतले होते.

"अध्यक्ष तळाला का रं?" त्यांनी विचारलं. "आन् त्यांच्या डोक्यावर ज्ञानेश?"

ज्ञानेश दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

गोकुळनं सांगून पाहिलं. हा नियम वर नेला तर सगळं तोच घेईल, खाली काही पोचणार नाही. कुंडलिकराव म्हणाले, अध्यक्षांना सगळं कळलं तर बिघडलं कुठं? आबाजी पंख्याकडे बघत होते, म्हणजे त्यांना हे पटलं होतं. गोकुळनं ती ओळ उचलून वर ठेवली. भिंतीवर दाखवल्याप्रमाणे फाईल मंजूर, असा ठराव झाला. सूचक कुंडलिकराव. मी लिहून घेतलं. फाईल उघडायचा पासवर्डही कुंडलिकरावांनी कागदावर लिहून घेतला, लखोट्यात घातला आणि कपाटात कुलूपबंद केला. बदल करायचा तर दुसरा ठराव करा. मग भजी आली.

मी थक्क झाले होते. गोकुळ भजी खात होता.

पाळीच्या दिवशी सकाळी सगळ्या शिवारानं मोबाईलवर पाणी मागितलं. गोकुळची फाईल ठरावाप्रमाणे चालली. ज्ञानेश मोटरीपाशी बसून राहिला, त्याच्याकडे एकही पाळी आली नाही. मागण्या सगळ्या इंदापूरला केशकर्तनालयात दाढी करून घेणाऱ्या आबाजींच्या मोबाईलवर आल्या. पाणी येईना म्हणून लोकांनी परत परत बटण दाबलं. मोबाईल थरथरत आरशासमोरून घसरला आणि साबणाच्या वाटीत पडला. पुसल्यावरही तो थांबेना. आबाजी एक गाल तसाच ठेवून कळंबला आले.

तातडीची सभा बसली. बाहेर सभासद जमले होते. गोकुळनं बॅग भरलीय हे मला माहीत होतं. त्याला पुण्याला जायचं नव्हतं हेही माहीत होतं.

कुंडलिकराव म्हणाले, यंत्रच भिकार आहे, बंद करा. गोकुळ म्हणाला, एक ओळ तळाला न्या, पाणी सुरू होतं.

"अध्यक्षाला खाली बसवतोस व्हय?"

"व्हय."

मग आबाजींनी, अर्ध्या दाढीनिशी, कुंडलिकरावांकडे मान वळवली.

"सभेत मी कवा बोलतो?"

"सगळ्यात शेवटी, आबा."

"का?"

"तुमी बोलल्यावर मग कोन बोलतंय?"

"मग हितं मला आधी कशाला बोलायला लावलंस, येड्या?"

सूचक आबाजी. एकट्यानं अनुमोदक व्हायला कुणी धजेना, म्हणून सगळेच झाले. कपाट उघडलं, लखोटा फोडला. गोकुळनं ओळ तळाला नेली. थोड्या वेळानं ज्ञानेशचा फोन आला की मोटर चालू केलीय. बाहेरची गर्दी पांगली.

आता गोकुळला कायम करायचा विषय. कुंडलिकराव तोंड पाडून बसले होते. त्यांच्याशिवाय मतं पुरत नव्हती.

"समद्यांचं नाव हाय हितं," ते म्हणाले. "उपाध्यक्ष कुठं हाय?"

गोकुळनं जराही विचार केला नाही. आबाजींच्या ओळीच्या लगेच वर त्यानं नवी ओळ टाकली: सभासदांनी संस्थेला काही सूचना केली, तर ती थेट कुंडलिकरावांच्या मोबाईलवर. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग ठेवा पोराला, म्हणाले.

मोबाईलवर सूचनेचं बटणच नाही, हे गोकुळनं मला नंतर, मोटरसायकलला किक मारताना सांगितलं.

कुंडलिकरावांकडे अजून एकही सूचना आलेली नाही. कारभार चांगला चाललाय, असं ते प्रत्येक सभेत सांगतात आणि मी ते लिहून घेते.