प्रशांतच्या टेबलावरचं कासव

पडदा वर जातो. हैदराबादेतल्या काचेच्या इमारतीचा सातवा मजला. ओळीने टेबलं, लखलखीत दिवे, आणि एका टेबलावर पितळेचं कासव. दर शुक्रवारी कुणाचा प्रोग्राम जास्त वेगवान, याची शर्यत व्हायची. जो सगळ्यांत मागे पडेल, त्याच्याकडे कासव. नारायणगुड्यातला माझा शेजारी प्रशांत त्या कासवाचा मालकच झाला होता.

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली पाठवायचं सॉफ्टवेअर त्याची कंपनी करते. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते. केवढा तुकडा कुठल्याही यंत्राने घ्यायलाच हवा, ते जगाने मिळून नियमात ठरवलं आहे. त्याहून मोठे तुकडे टाकले की वेग वाढतो, पण समोरचं यंत्र जुनं असेल तर दारच लावून घेतं. म्हणून प्रशांतचा प्रोग्राम आधी विचारायचा, केवढा घास झेपेल? उत्तर आलं नाही तर लहान घास. रंगभूमीवर आम्ही समोरच्याचं वाक्य संपू द्यायचो, त्यामुळे मला हे लगेच पटलं. पण त्या विचारण्यातच शर्यत हातची जायची.

साहेब हर्षद, पुण्याचा, वयाने लहान. सगळ्यांदेखत म्हणायचा, "प्रशांतराव, फाइल पाठवताय की स्थळ बघताय? किती ती विचारपूस!" हे मला सांगताना प्रशांत स्वतःच हसायचा.

मग माणसं कमी करायची ठरली. आधी कासववाले, हे कुणी न सांगताच सगळ्यांना कळलं. पन्नाशीला टेकलेल्याला दुसरी नोकरी कोण देणार? प्रशांतने आपल्या हाताने ती विचारपूस काढून टाकली आणि त्या शुक्रवारी पहिला आला. त्याच्या बायकोने, भाग्यलक्ष्मीने, मला वाटीभर जर्दाळूचा खुबानी का मीठा पाठवला. कासव गेलं निखिलकडे. प्रशांतनेच त्याला काम शिकवलेलं. आपल्या भागातली विचारपूस काढायला तो तयार नव्हता.

नवा प्रोग्राम बाजारात गेला. बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचं यंत्र जुनं होतं. त्या यंत्राने मोठे घास नाकारले. ऐन सणात दुकानांच्या ऑर्डरी पोचल्याच नाहीत आणि व्यापाऱ्याने करार तोडला. हा बदल कुणी केला, असं वरून विचारणं झालं. नाव प्रशांतचं. भर बैठकीत हर्षदने नियम वाचून दाखवला, विचारल्याशिवाय मोठा तुकडा टाकू नये. तो त्याला प्रशांतनेच समजावलेला.

प्रशांतची नोकरी गेली. निरोपाला मला बोलावलं होतं, प्रशांतरावांचे नाटकवाले काका म्हणून. माझं स्वगत अर्ध्यावर असतानाच केक कापला गेला. टाळ्या झाल्या, त्या केकला. मग हर्षदने चमचमत्या कागदात गुंडाळलेली भेट दिली. कागद फाटला, आत तेच कासव. सगळे पोट धरून हसले. निखिल तेवढा खाली बघत होता.

या वेळी प्रशांत हसला नाही. त्याने कासव उचललं, निखिलच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि हलकेच म्हणाला, "विचारपूस काढू नकोस, निखिल. कासव ठेवून घे."