नानांची चुकीची पानं

नाना गोरड संगणकाच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायचे आणि शिव्या आत आणायचे. मशीन सुरू झालं नाही की आधी त्याचा, मग ते बनवणाऱ्याचा आणि शेवटी, साहेब जवळपास नाहीत हे बघून, साहेबांचा उद्धार करायचे.

इस्लामपूरजवळच्या आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात ते हंगामी लॅब असिस्टंट होते आणि मी हंगामी अधिव्याख्याता. नाना आटपाडीकडचे. बापजाद्यांनी मेंढरं राखली, यांनी फौजेत वायरलेस सांभाळला. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका मासिकाबरोबर लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची सीडी आली, ती त्यांनी टाकाऊ ठरलेल्या सहा मशिनांवर चढवली. "फुकट हाय, उघडून बगता येतंय, आन् मोडलं तर कुनाच्या बापाचं जात न्हाई," हे त्यांचं समर्थन.

खेड्यातली पोरं त्या सहा मशिनांवर पडीक असायची. पण माहिती सगळी इंग्रजीत, आणि तीही ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी लिहिलेली. विभागप्रमुख, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले की सुट्टी लागायच्या आत मराठी पुस्तिका तयार करा, नाहीतर सहाही मशिनं भंगारात.

नानांनी इर्जिक घालायचं ठरवलं. गावाकडे एकाचं शेत नांगरायला सगळे आपापले बैल घेऊन येतात, मालक जेवू घालतो, तशी. रविवारी वीस जण बोलावले, स्वतः मटण शिजवलं. लोक आले, लिहिलं, जेवले. नानांनी कागद गोळा केले, तर विसाच्या वीस जणांनी 'मशीन सुरू कसं करावं' एवढंच लिहिलेलं. बंद कसं करावं हे एकानंही नाही. त्यातलं एक पान माझं होतं.

"समद्यांनी बांदावर नांगर जुपला," नाना म्हणाले, "आन् रस्सा वरपून घरला गेली."

दोन दिवसांनी भिंतीवर नानांच्या सहीचा कागद लागला. 'फ्लॉपी काढताना मशीनला विचारत बसू नये. हिसका द्यावा.' शेजारी सुतळीला पेन. दुपारपर्यंत कागदावर खाडाखोड करायला जागा उरली नाही. नानांनी अक्कल गहाण टाकली का, अशीही चौकशी एकानं खाली केली होती. मी त्यांना बाजूला घेतलं.

"सर, लिवा म्हनलं की मान्साचं हात आकडत्यात. दुसऱ्याचं चुकलंय म्हनलं की ताटावरनं उठून येत्यात."

मग रोज एक चुकीचं पान. संध्याकाळी नाना दुरुस्त्या तपासून सुवाच्य लिहीत, खाली दुरुस्त करणाऱ्याचं नाव. पुस्तिका भराभर वाढली आणि प्रिंटरपाशी अडली. छापताना ओळी जिन्यासारख्या उजवीकडे घसरत जायच्या. नानांनी लिहिलं, 'प्रिंटरच्या एका पायाखाली लाकडी पाचर ठोकावी.' आठवडा गेला, पण उपाय कुणालाच ठाऊक नव्हता.

एके दिवशी साहेब आले. भिंतीवरची पानं त्यांनी एकेक करून वाचली. हे तुम्ही लिहिलंत का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. नाना म्हणाले, "व्हय साहेब." मी तोंड उघडलं, तर साहेबांच्या पाठीमागून नानांनी नको म्हणून मान हलवली. मुद्दाम चुकवलंय हे कळलं असतं तर साहेब हसून निघून गेले असते. साहेबांनी सुतळी तुटेपर्यंत पेन ओढलं आणि प्रिंटरच्या कागदाखाली उभ्याउभ्या पाऊण पान लिहिलं. तरुणपणी हेच दुखणं त्यांनी कुठल्याशा मोठ्या मशीनवर निस्तरलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुस्तिका वेळेत झाली, मशिनं वाचली. नानांना मात्र मुदतवाढ मिळाली नाही. साहेबांचा शेरा होता, 'मूलभूत ज्ञानाचा अभाव'.

नानांनी खुणावलं म्हणून मी गप्प बसलो, असं मी सगळ्यांना सांगतो. पण नंतर केबिनमध्ये जाऊन खरं सांगता आलं असतं. माझ्या मुदतवाढीचा कागदही त्याच टेबलावर होता. याची मला आजही लाज वाटते.

ते निघाले त्या दिवशी मी स्टँडवर पुस्तिका घेऊन गेलो. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं होती, अगदी साहेबांचंसुद्धा. नानांनी स्वतःचं लिहू दिलं नव्हतं. पुढच्या खेपेला छापताना तुमचं पहिलं टाकतो, म्हणालो. नानांनी पानं चाळली. आटपाडीची गाडी लागली होती.

"माजं येक बी वाक्य ह्यात टिकलं न्हाई, सर," ते पिशवी उचलत म्हणाले. "तवाच तर पुस्तक झालं."