मामांचं ऊन

उल्हासनगरात कुठल्याही वस्तूला मालक असतो. नसला तर दुपारपर्यंत कुणीतरी उभा राहतो. आमच्या कॅम्प चारच्या वस्तीवर पडणारं सगळं ऊन मात्र माझ्या मामेसासऱ्यांच्या मालकीचं होतं, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. मामा-मामी आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या समोरच्या खोल्यांत राहायचे. सकाळी साडेसातला मामा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात गच्चीवर जात, मलंगगडाकडे डोळे बारीक करून बघत, बोट ओलं करून वारा तपासत आणि उतरताना प्रत्येक मजल्यावर जाहीर करत, "आज कडक ऊन! वाळवणं घाला!" आणि चुकत. कधीमधी नाही हो, नेमाने चुकत. पहिल्या मजल्यावरच्या सिंधी आंटीचे पापड मे महिनाभर गच्चीवर पसरलेले असायचे. तिने तर याचं शास्त्रच करून ठेवलं होतं. "अंकल बोला धूप है, तो मैं पापड अंदर लेती," असं ती मला बिनदिक्कत सांगायची. मामा "ढग येणार" म्हणाले की ही बाई परात डोक्यावर घेऊन निघालीच वर! मामांना हे ठाऊक होतं. तरी ते रोज तिच्या दाराशी थांबून अंदाज सांगत, कारण चूक त्यांची नव्हतीच मुळी. "हवाच बिघडलीये, सूनबाई. मे महिन्यात कसले ढग? आमच्या वेळी मे महिना म्हणजे मे महिना असायचा."

हवा कुणी बिघडवली, हा त्यांचा पुढचा विषय. त्याला वेळकाळ नव्हता. रॉकेलच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एवढंच काय, सलूनमध्ये गळ्यावर वस्तरा असतानासुद्धा मामा सुरू व्हायचे. कोळसा संपणार, तेल संपणार, मग पोरं काय जाळणार, तुमची फर्निचरं? मामांनी स्वतः अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. आमच्या ह्यांनी एकदा त्यावरून टोचलं, "मामा, अर्धा धूर तर तुम्हीच केलात!" मामा जराही वरमले नाहीत. "म्हणून तर मला कळतं! तुम्ही काय, नुसते पंख्याखाली बसून फायली चाळणार." निवृत्त झाल्यावर त्यांनी तेलाच्या डब्याचे पत्रे कापून गच्चीवर पवनचक्की उभारली. महिनाभर ती ढिम्म हलली नाही. मग एका संध्याकाळी मे महिन्यातलं वादळ आलं, पाती गरगरली आणि बॅटरीचा इवलासा बल्ब खरोखर पेटला. मामांनी जिन्यातून ओरडून सगळ्यांना वर बोलावलं. आम्ही पोहोचेपर्यंत पवनचक्की समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेली होती. मामा म्हणाले, "बघितलंत? केवढी ताकद आहे वाऱ्यात!" आता या माणसाशी बोलणार तरी काय?

सूर्यचूल त्याच्यानंतर आली. सरकारी सवलतीत मिळालेली, आतून काळी, वर काच आणि झाकणाला आरसा लावलेली पेटी. सकाळी तिच्यात तांदूळ-डाळीचे चार काळे डबे ठेवायचे आणि सूर्य सरकेल तशी पेटी फिरवत बसायचं. जगाला मामांनी सांगितलं की हा देशाच्या इंधनाचा प्रश्न आहे. खरा प्रश्न मामींच्या छातीचा होता. त्यांना दमा. गॅसचा नंबर काही लागत नव्हता, आणि स्टोव्हच्या रॉकेलचा वास छातीत गेला की मामी अर्धा-अर्धा तास भिंतीला धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्टोव्हपासून लांब राहा. रात्रीचं जेवण माझ्याकडून जायचं, पण मी नोकरीला, दिवसभर बाहेर. पावसाळ्यात नाइलाज म्हणून मामी माझा सकाळचा डबा घ्यायच्या. बाकीचे महिने तो परत पाठवायच्या. "तुझ्यावर किती भार टाकू? आमचं शिजतंय वर," म्हणायच्या. शिजायचं, पण दोनला शिजेल की चारला, ते मामांच्या उन्हालाच माहीत. मामी कधी कुरकुरल्या नाहीत. भात चिकट झाला तर "मऊ झालाय हं छान," आणि कडक राहिला तर "मोकळा झालाय!"

मग गच्चीवर डिश अँटेना आली. म्हणजे यायची होती, आणि तिला नेमका मामांचा कोपरा हवा होता. आमचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरचे कापडवाले सेठ. त्यांनी मीटिंग बोलावली. शिवाय समोरच्या जीन्सच्या कारखान्यातून तक्रार होती की आरशाचा झोत कारागिरांच्या डोळ्यांवर येतो आणि पँटीच्या शिवणी वाकड्या जातात. मामा ताडकन उठले. "फक्त साडेदहा ते अकरा! तेवढा वेळ चहा प्या म्हणावं!" सेठ शांतपणे म्हणाले, "अंकल, सूरज का क्या भरोसा? आज है, कल बादल." मामा म्हणाले, "आणि तुमच्या सिलिंडरचा भरवसा आहे? नंबर लावून म्हातारे झालो आम्ही!" शब्दाने शब्द वाढला आणि मामा भलतंच बोलून बसले. "येत्या रविवारी सगळ्या बिल्डिंगला उन्हावर शिजलेला वरणभात चाखवतो. एक वाजता डाळ शिजलेली नसेल तर मी स्वतः पेटी खाली आणीन!" सेठ म्हणाले, "मंजूर." मी कपाळाला हात लावला. दाराशी उभ्या मामींनी सगळं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी मामांनी जिन्यातून घोषणा केली, "कडक ऊन!" आंटीने निमूटपणे पापड आत घेतले. दहापर्यंत आभाळ लख्ख होतं. अकराला मलंगगडावरून एक ढग आला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग सगळं आभाळ राखेसारखं होऊन गेलं. मामा पेटी डावीकडे फिरवत, उजवीकडे फिरवत, आरशावरची धूळ बनियनने पुसत. साडेबाराला मंडळी वाट्या-चमचे घेऊन वर जमली. सेठ घड्याळ बघत होते. तेवढ्यात मामी चार जिने चढून आल्या. धाप इतकी लागली होती की पाच मिनिटं त्यांना बोलता येईना. मग हळूच म्हणाल्या, "अहो, राहू द्या आता. उतरवा ती पेटी. मी बघीन स्टोव्हचं." मामा नुसते पेटीच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले, आणि मला तिथेच रडू फुटतंय की काय असं झालं.

एक वाजला. आंटी पुढे झाली, पदराने डबा धरून बाहेर काढला आणि डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून पाहिला. मी शेजारीच उभी होते. दाणा दबला नाही. आंटीने मामींकडे बघितलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पक गया! एकदम मक्खन!" आणि वाढायलाच लागली. मी पहिला घास घेतला. कट्ट! "वा मामा," मी म्हटलं, "काय चव आलीये!" आमचे हे मुकाट्याने चावत होते. सगळी गच्ची कटाकटा चावत होती आणि माना डोलावत होती. सेठनी घास घेतला, थांबले, दाढेला हात लावला, एकवार मामींच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा है. डिश उधर टंकी के बाजू में लगा देंगे." सगळ्यात शेवटी मामांनी खाल्लं. बराच वेळ चावत राहिले. एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीठ जरा कमी पडलं."

त्या संध्याकाळी अर्धी बिल्डिंग ओवा खात होती. पण पेटी राहिली. त्यानंतर मामी पाच उन्हाळे होत्या आणि पाचही उन्हाळ्यांत त्यांनी दुपारचा स्टोव्ह पेटवला नाही.

मामी गेल्या त्याच्या पुढच्या मे महिन्यात मामा एकदा जिन्यात दिसले. पेटी छातीशी धरून, एकेक पायरी चाचपत खाली येत होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी धावले, पेटीला हात लावला. "अहो मामा, खाली कशाला आणताय? बघा तरी, आज केवढं ऊन पडलंय!"

"पडू दे," मामा म्हणाले.