पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये

मार्थाबाईंनी गीत उचललं आणि माझी बोटं कीबोर्डवर सूर शोधत फिरायला लागली. पांढरी पाच लावून बघितली, ती बाईंच्या खाली. तिच्या लगतची काळी चार लावली, ती वर. बाई या दोन्हींच्या मधल्या फटीत गात होत्या आणि त्या फटीत माझ्या कीबोर्डवर काहीच नव्हतं. समोर शे-दीडशे माणसं मनापासून गात होती. मी व्हॉल्यूम निम्म्यावर आणला, चेहऱ्यावर भक्तिभाव आणला आणि वाजवल्यासारखं करत राहिलो. नांदेडच्या त्या चर्चमध्ये हा उद्योग मी अकरा वर्षं केला.

आधी माझी ओळख सांगतो. मी कीबोर्ड वाजवतो. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम, शाळांची गॅदरिंग, आणि संध्याकाळी घरी क्लास. आमचं घर बौद्ध. चर्चचा कीबोर्डवाला बदली होऊन गेला तेव्हा त्यांनी मला एका ख्रिसमसपुरतं बोलावलं होतं. तो ख्रिसमस काही अजून संपलेला नाही. पाळकसाहेबांनी धर्माचं कधी काढलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "प्रार्थनेत डोळे मिटत जा सर, नुसते मिटा, लोक बघतात." तेव्हापासून मी मिटतो. उपदेश लांबला तर जरा जास्तच वेळ मिटलेले राहतात.

चर्चमधल्या वाजवण्याचं एक वेगळंच शास्त्र असतं. ऑर्केस्ट्रात गायक आधी पट्टी सांगतो. पट्टी म्हणजे गाणं किती उंचीवरून सुरू करायचं ते. आमच्या चर्चमध्ये असलं काही नाही. पाळकसाहेब पुस्तकातला गीताचा नंबर सांगतात आणि तिसऱ्या बाकावरून मार्थाबाई कुणाचीही वाट न बघता पहिली ओळ उचलतात. याला तिथं 'गीत उचलणं' असंच म्हणतात. बाईंनी उचललं की सगळं चर्च त्यांच्या मागे, आणि सगळ्यात मागे धापा टाकत मी.

मार्थाबाई भोकरच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं किरकोळ, आवाज लाऊडस्पीकरला लाजवणारा. पुस्तक त्या कधी उघडत नसत, सगळी गीतं पाठ. आल्या आल्या वॉचमनला एकच हुकूम, "वरची लाईट लाव रे." सकाळचे नऊ, खिडक्यांतून ढीगभर ऊन, तरी डोक्यावरची ट्यूबलाईट लागलीच पाहिजे. म्हातारपणी दिसत नसेल, असं आम्ही धरून चाललो. लोक म्हणायचे, बाईंना सूर प्रभू देतो.

यंदा चर्चचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. लातूरच्या एका चर्चची तरुण मंडळी गिटार, ड्रम, सगळा सरंजाम घेऊन येणार आणि आमच्यासोबत चार गीतं गाणार. आता गिटारवाल्यांना व्हॉल्यूम कमी करून वेळ मारून नेता येत नाही. लातूरकरांसमोर आपली शोभा होणार, या विचारानं माझी झोप उडाली. मी पाळकसाहेबांकडे गेलो.

"साहेब, मार्थाबाईंचा सूर लागत नाही."

"लोक तर म्हणतात प्रभू देतो."

"प्रभूनं दिला असता तर पुरता दिला असता. हा अर्धा कच्चा आहे."

पाळकसाहेब हसले, मग गंभीर झाले. "पन्नास वर्षं झाली बाई गीत उचलून राहिल्यात. मी सांगू शकत नाही. तुम्ही प्रोफेशनल आहात, तुम्हीच सांगा."

असं ते सुळावरचं काम माझ्या गळ्यात आलं. रविवारी उपासना सुटल्यावर मी बाईंना गाठलं. एवढं लांबण लावलं, की कीबोर्ड नवीन आहे, पोरं लातूरची आहेत, जमाना बदलला आहे. बाईंनी मला मध्येच तोडलं.

"थेट बोल की मास्तर. मी बेसूर हाय म्हणतो का?"

"तसं नाही बाई, जरासं..."

"किती जरासं?"

"पांढरी पाचच्या थोडं वर."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग उचल तू."

पुढच्या रविवारी बाई आल्या, तिसऱ्या बाकावर बसल्या आणि तोंड मिटून राहिल्या. लाईटसुद्धा लावायला सांगितली नाही. मी झकास पांढरी पाचमध्ये सुरुवातीचा तुकडा वाजवला. लोक ऐकत राहिले. मी पुन्हा वाजवला. लोकांना वाटलं आज नुसतंच वाजवायचं आहे. तिसऱ्यांदा पाळकसाहेबांनी स्वतः सुरुवात केली, आणि देवमाणूस असला तरी त्यांच्या गाण्याबद्दल न बोललेलं बरं. त्या दिवशी चर्चमध्ये अगदी शुद्ध सूर होता आणि गात कुणीच नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. पन्नास वर्षांचं बाईंचं काम मी पाच मिनिटांत बंद पाडलं होतं आणि वर दिवाही काही लावला नव्हता.

गुरुवारी दुपारी मी साऊंड तपासायला एकटाच चर्चमध्ये गेलो. वॉचमननं दार उघडलं आणि सवयीनं तिसऱ्या बाकावरची ट्यूब लावून गेला. माझ्या मोबाईलमध्ये एक अॅप आहे. कुठलाही आवाज ऐकवला की तो कुठला सूर आहे ते काटा दाखवतो. मी मोबाईल बाकावर ठेवून वायरी जोडत होतो. सहज लक्ष गेलं तर काटा हलून स्थिर झालेला. पांढरी पाचच्या पुढं, काळी चारच्या अलीकडं, साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. मार्थाबाईंची जागा. आणि चर्चमध्ये तर कुणीच गात नव्हतं.

क्षणभर माझ्यासारख्या माणसाच्याही अंगावर काटा आला. मग मी मान वर केली.

ट्यूब गुणगुणत होती. जुन्या ट्यूबमध्ये चोक असतो, म्हणजे करंट आवरणारी लोखंडी वडी. ती जुनी होऊन सैल झाली की हूंऽऽ असा एकसुरी आवाज करते. आपल्याला सवय झालेली असते म्हणून ऐकू येत नाही. मी बटण बंद केलं, काटा पडला. चालू केलं, काटा परत तिथंच. पाच वेळा केलं. वॉचमन डोकावून म्हणाला, "सर, फ्यूज उडंल."

मी बाकावर बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या. अकरा वर्षं दर रविवारी एकाच जागी, केसाएवढाही फरक न पडता, कुणी चुकतं का? बेसूर माणूस रोज वेगळीकडे घसरतो. बाईंचा कान इतका पक्का होता की त्या चोकचा सूर जसाच्या तसा उचलत होत्या. लाईट गेलेली असली की त्या वेगळ्या पट्टीत गायच्या, पण तेव्हा माझा कीबोर्डही बंद असायचा, त्यामुळे मला पत्ता नव्हता. आणि कीबोर्डात 'मास्टर ट्यून' नावाची सोय असते, तिनं सगळा कीबोर्ड हवा तेवढा चढवता येतो. पाच मिनिटांचं काम. अकरा वर्षांत ते मी केलं नाही, कारण चूक बाईंची हे माझं ठरलेलंच होतं.

एवढ्यात विल्सनभाऊ आले. ते चर्चचे सेक्रेटरी, इलेक्ट्रिकचं दुकान आहे त्यांचं. हातात खोकी.

"सर, बघा! एलईडी. माझ्याकडून चर्चला भेट. शनिवारी सगळ्या जुन्या ट्यूबा काढून टाकतो. आवाज न्हाई, काही न्हाई, एकदम गपगार."

मी वर बोट दाखवलं. "भाऊ, एक ट्यूब राहू द्या. ही तिसऱ्या बाकावरची."

"का?"

खरं सांगायची सोय नव्हती. प्रभू देतो तो सूर ट्यूबमधून येतो, असं गावभर झालं तर लोक बाईंना हसले असते, आणि बाईंचं काय झालं असतं कोण जाणे. म्हणून मी ठोकून दिलं, "एलईडीमुळं कीबोर्डमध्ये घरघर येते."

"अठरा वर्षं दुकान चालवून राहिलो मी सर. मला शिकवता का?"

"मग बाईंच्या डोळ्यांसाठी. त्यांना ट्यूबचा उजेड लागतो."

"बाई पुस्तक उघडत न्हाईत. उजेड कशाला लागतो?"

प्रकरण पाळकसाहेबांपुढं गेलं. विल्सनभाऊ तावातावानं म्हणाले, पंधरा एलईडीत एक पिवळी पडलेली ट्यूब, लातूरचे लोक काय म्हणतील? पाळकसाहेब माझ्याकडे वळले.

"सर, ट्यूब राहिली तर बाई परत गीत उचलतील?"

"मी विनवणी करतो."

"मग राहू द्या भाऊ. या दोन रविवारांपेक्षा पिवळी ट्यूब बरी."

संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. बाई तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "बाई, चूक माझी होती. माझा कीबोर्ड उतरलेला होता. तुम्ही परत या."

"मी आलेच नव्हते व्हय? दोन्ही रविवारी होते."

"गायला या."

बाईंनी एक खडा बाजूला टाकला. "बेसूर म्हणालास तवा मागं चार बाया उभ्या होत्या. चुकलो म्हणायला एकटाच आलास. रविवारी माईकवर म्हण."

वर्धापनदिनाला चर्च खचाखच भरलेलं. मी मास्टर ट्यूननं कीबोर्ड आधीच ट्यूबच्या सुरावर चढवून ठेवला होता. लातूरच्या पोरांनी गिटारी लावल्या आणि पोरं माझ्याकडे बघून हसली. "सर, तुमचा कीबोर्ड चढलाय."

"तुमच्या गिटारी उतरल्यात," मी म्हणालो. "चढवा. मी दाखवतो तिथं." पोरं एकमेकांकडे बघत गिटारींचे कान पिळायला लागली.

मग मी माईक घेतला. म्हणालो, "मार्थाबाईंचा सूर चुकतो असं मी म्हणालो होतो. तो चुकत नाही. माझा चुकत होता, अकरा वर्षं." लातूरची पोरं माझ्याकडे आ वासून बघायला लागली. बाईंनी मान वळवून वॉचमनला सांगितलं, "वरची लाईट लाव रे."

आणि उचललं. मी बोट टेकवलं. गिटारी आल्या, ड्रम आला, मागून सगळं चर्च आलं. पहिल्यांदा माझा सूर आणि बाईंचा सूर एकमेकांत असे बसले की कुठला कुणाचा ते कळेना. मी व्हॉल्यूम पुरता वर नेला. डोळे मिटले तेही कुणी न सांगता. मला रडू येत होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

जेवणावळीत बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. "ती नळी तूच ठेवायला लावलीस म्हणं. विल्सन सांगत होता."

"हो बाई. तुमच्या डोळ्यांसाठी."

"मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. तुझ्या शर्टावर रस्सा सांडलाय तेबी दिसून राहिलंय."

बाई माझ्याकडे न बघता भात कालवत होत्या.

"नर्स होते मी. पोटाला कान लावून बाळाचे ठोके मोजलेत. डोक्यावर ती नळी एवढी गुणगुणती, मला ऐकू येणार न्हाई व्हय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग लोक प्रभू सूर देतो म्हणतात तेव्हा तुम्ही कधी..."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विल्सननं बदलली असती."

मी त्यांची श्रद्धा जपायला तीन-चार वेळा खोटं बोललो होतो, आणि बाई मात्र इतकी वर्षं आपली ट्यूब जपत बसल्या होत्या.

"तसले चोक आता मिळत न्हाईत," बाई म्हणाल्या. "भंगारात एखादा बघून ठेव. असाच आवाज करणारा पाहिजे पण. कानानं ऐकून आण, तुझ्या त्या मोबाईलनं नको. वॉचमन सांगत होता तुझे उद्योग."

आता रविवारी सकाळी माझ्या बॅगेत वायरी, अॅडॉप्टर आणि एक जुना चोक असतो. सहा भंगारवाले पालथे घातले तेव्हा हा मिळाला. आधी सापडलेले दोन चोक नेऊन दाखवले होते, बाईंनी ते बेसूर म्हणून परत केले.